एसटीएल फाइल म्हणजे ड्रॉइंग नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लघुउद्योगांनी थ्रीडी स्कॅनिंग आणि थ्रीडी प्रिंटिंगचा अवलंब करावा, असे आवाहन वृत्तपत्रांच्या उद्योगविषयक पानांतून हल्ली वरचेवर वाचायला मिळते. आवाहन रास्त आहे आणि भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखान्यांनी ते मनावरही घेतले आहे. परंतु या यंत्रांबरोबर एक गैरसमजही कारखान्यांच्या खरेदी विभागांत येऊन बसला आहे आणि त्याचा भुर्दंड जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांच्या ऑर्डरवरची कामे) करणाऱ्या लहान वर्कशॉपना सोसावा लागत आहे. पडद्यावर एखादी वस्तू सर्व बाजूंनी फिरवून पाहता आली की तिची ‘कॅड फाइल’ तयार झाली, आणि त्या फाइलची (ती बहुधा थ्रीडी प्रिंटरसाठीची एसटीएल असते) मशीनिंगला लागणारी स्टेप फाइल करणे म्हणजे एक बटण दाबणे, असा तो गैरसमज आहे. मी भोसरीत डिझाइन आणि रिव्हर्स इंजिनिअरिंगची, म्हणजे तयार वस्तूवरून तिचे डिझाइन काढण्याची, कामे घेतो. ‘एसटीएल पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत स्टेप करून द्या, पाच मिनिटांचे तर काम’ अशा आशयाचा निरोप आला नाही असा आठवडा विरळा. म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

एसटीएल फाइलमध्ये वस्तूच्या बाह्य पृष्ठावर बसवलेल्या सपाट त्रिकोणांची यादी असते. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांचे निर्देशांक आणि त्याची बाहेरची बाजू कोणती हे सांगणारी एक दिशा, याखेरीज तिच्यात उपयोगाचे काहीही नसते. बायनरी स्वरूपात एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे दहा लाख त्रिकोणांची फाइल सुमारे ५ कोटी बाइटची होते. कोणता त्रिकोण कोणाला लागून आहे याची नोंद नसते. एकच कोपरा ज्या ज्या त्रिकोणांत येतो त्या प्रत्येकात तो नव्याने लिहिला जातो, आणि बंद आकाराच्या जाळीत अशी पुनरुक्ती सरासरी सहा वेळा होते. त्याहून आश्चर्याची बाब अशी, की ५२ हा आकडा मिलिमीटरचा आहे की इंचाचा, हेही या फाइलला ठाऊक नसते. एकक चुकले तर वस्तू थेट २५.४ पटींनी मोठी किंवा लहान होते, आणि असे प्रकार घडतात.

स्टेप फाइलचे म्हणणे वेगळ्या भाषेत असते. आयएसओ १०३०३ या नावाने १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या मानकात वस्तू पृष्ठांनी बांधलेली असते. हे पृष्ठ सपाट आहे, हे सिलिंडर आहे आणि त्याचा अक्ष येथून असा जातो व त्रिज्या इतकी आहे, ही दोन पृष्ठे या कडेवर मिळतात आणि माल कडेच्या या बाजूला आहे, असे त्यात नोंदलेले असते. एककही लिहिलेले असते. एक बोअर (अचूक मापाचे गोल भोक) म्हणजे एक अक्ष आणि एक त्रिज्या. संगणकीय प्रोग्रामवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला नेमके हेच हवे असते, कारण टूल कोठे उतरवायचे आणि किती व्यासाने फिरवायचे हे त्याला त्यावरूनच कळते.

एसटीएलला दोष देण्याचे कारण नाही. चार्ल्स हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले आणि त्यांच्याच थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीसाठी १९८७ मध्ये हे स्वरूप तयार झाले. लेझरने द्रवरूप रेझिनचा एकेक थर घट्ट करत जाणाऱ्या त्या यंत्राला प्रत्येक उंचीवर वस्तूची बाह्यरेषा कोठून जाते एवढेच हवे होते. सपाट पातळीने त्रिकोण कापला की एक रेषाखंड मिळतो, सगळे रेषाखंड जोडले की थराची बाह्यरेषा मिळते. त्या काळच्या संगणकांनाही झेपेल इतके ते सोपे गणित होते. प्रिंटरसाठी केलेली ही सोय आपण आता ड्रॉइंगच्या जागी वापरू लागलो आहोत, ही अडचण आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. एका कारखान्याकडून (नाव घेत नाही) बेअरिंग हाउसिंगची (बेअरिंग ज्यात बसते त्या भागाची) स्टेप फाइल एका वर्कशॉपला मशीनिंगसाठी आली. मूळ ड्रॉइंग कोणाकडेच नव्हते. आधी कोणीतरी एसटीएल मिळवली होती आणि ती ‘कन्व्हर्ट’ करून पुढे पाठवली होती. हाउसिंग ६२०५ बेअरिंगचे होते, म्हणजे बेअरिंगचा बाह्यव्यास ५२ मिमी, आणि अशा बोअरला सर्रास दिला जाणारा एच-७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) धरला तर व्यास ५२.०००पासून ५२.०३० मिमीपर्यंत चालतो. प्रोग्रामरने पडद्यावर बोअरवर क्लिक केले, तेव्हा पूर्ण बोअर निवडला न जाता त्याची एक अरुंद उभी पट्टी तेवढी उजळली. शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी, अशा एकूण ३६ सपाट पट्ट्यांचा तो बोअर होता. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधील अंतर मोजले तर ५१.८० मिमी येत होते, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील मोजले तर ५२.०० मिमी. हिशेब सरळ आहे. २६ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचे ३६ समान भाग केले, तर प्रत्येक जीवा मध्यभागी वर्तुळापासून सुमारे ०.०९९ मिमी आत राहते, म्हणजे व्यासात जवळजवळ ०.२ मिमीचा फरक पडतो. परवानगी मात्र ०.०३० मिमीची. प्रोग्रामरने पट्ट्यांमधले अंतर खरे मानले, बोअर ५१.८० चा केला आणि बेअरिंग बसले नाही. दोष कोणाच्या माथी गेला असेल हे सांगायला नको. जॉबवर्कवाल्याचे बिल अडकले.

यातला एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. जीवा नेहमी वर्तुळाच्या आतच राहत असल्याने अशा फाइलमध्ये भोकही लहान होते आणि शाफ्टही बारीक होतो. बोअर लहान निघाला तर जॉब पुन्हा मशीनवर लावून तो मोठा करता येतो, वेळ तेवढा जातो. शाफ्ट बारीक निघाला तर तो भंगारात जातो. एसटीएल काढताना पट्ट्यांची संख्या वाढवली की फरक घटतो हे खरे. याच बोअरला दीडशेहून अधिक पट्ट्या दिल्या तर जीवा ५ मायक्रॉनच्या (०.००५ मिमी) आसपास आत राहते. परंतु पट्ट्या कितीही वाढवल्या तरी तो बोअर होत नाही, बहुभुजच राहतो. फाइल मात्र फुगत जाते.

आता ‘कन्व्हर्ट’चे ते बटण काय करते ते पाहू. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर अनेक विद्यार्थी आणि लहान ऑफिसे वापरतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. त्यात आधी मेशवरून (त्रिकोणांच्या जाळीवरून) ‘शेप’ बनवला जातो, तेव्हा प्रत्येक त्रिकोणाचे एक स्वतंत्र सपाट पृष्ठ होते. मग जवळजवळच्या कडा एकमेकींना शिवल्या जातात, त्यासाठी किती अंतरापर्यंतच्या कडा एकच मानायच्या हे सांगावे लागते. ही सूट फार कमी ठेवली तर फटी उरतात आणि आकार बंद होत नाही. फार जास्त ठेवली तर वस्तूमधील एखादी खरीखुरी बारीक खाच बुजते. आकार बंद झाला तर त्याचे सॉलिड (भरीव मॉडेल) करता येते, आणि ‘रिफाइन’ केले की एकाच पातळीत असलेले त्रिकोण एकत्र होऊन सपाट बाजू नीट दिसू लागतात. हे दृश्य पाहून माणूस समाधान पावतो. पण सिलिंडरवरील शेजारच्या दोन पट्ट्या एका पातळीत नसतात, त्यामुळे त्या एकत्र होत नाहीत. म्हणजे ज्या पृष्ठांना टॉलरन्स असतो, ज्यांत बेअरिंग, बुश किंवा पिन बसायची असते, नेमकी तीच पृष्ठे तुकड्यांत राहतात. शिवाय स्टेप फाइलमध्ये प्रत्येक सपाट पृष्ठासाठी त्याचे प्रतल, कडांची साखळी, प्रत्येक कडेची रेषा, तिची दिशा आणि टोके अशा अनेक ओळी लिहिल्या जात असल्याने स्कॅनरने दिलेली काही लाख त्रिकोणांची जाळी या मार्गाने नेली, तर तयार होणारी फाइल पुष्कळदा उघडतच नाही.

ऑटोडेस्कच्या फ्यूजनमध्ये मेशचे रूपांतर करण्याचे तीन मार्ग दिलेले आहेत: एकात त्रिकोण जसेच्या तसे पृष्ठे होतात, दुसऱ्यात त्रिकोणांचे गट ओळखून सपाट आणि सिलिंडरसारखी नियमित पृष्ठे बसवली जातात, आणि तिसऱ्यात मुक्त वळणांच्या आकारांवर गुळगुळीत पृष्ठ ताणले जाते. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे वस्तू पाहून माणसालाच ठरवावे लागते. दुसरा मार्ग यंत्रभागांसाठी बरा, पण जाळी स्वच्छ असेल तरच. स्कॅनमधून आलेल्या खडबडीत जाळीवर तो हमखास अडखळतो.

म्हणूनच या कामाला मी रूपांतर म्हणत नाही, पुनर्रेखन म्हणतो. वाण्याच्या बिलाची एकूण रक्कम पाहून पिशवीत काय काय होते ते सांगण्यासारखा हा प्रकार आहे. अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी त्या घरचा बाजार ठाऊक असावा लागतो. जाळीतून २४.९३ मिमी व्यास निघाला तर मूळ माप २५ होते आणि भाग झिजला आहे, की स्कॅनरच्या अचूकतेमुळे तो फरक आला आहे, की कोणी मुद्दाम २४.९३ ठेवले होते, हे त्रिकोण सांगत नाहीत. शेजारचे भोक ६.८ मिमीचे दिसले की अनुभवी फिटर ते एम-८ च्या टॅपिंगचे (८ मिमी स्क्रूसाठी आटे पाडण्याचे) आहे असे लगेच ओळखतो. प्लेटवरच्या सहा भोकांची केंद्रे एकाच वर्तुळावर (पिच सर्कलवर) समान अंतराने आहेत हे डिझाइनरला उमगते, म्हणून तो सहा वेगवेगळी केंद्रे न मोजता एक वर्तुळ काढून त्यावर सहा भाग करतो. अशा रीतीने जाळी खाली ठेवून तिच्यावर नव्याने स्केच काढायचे, मापे ठरवायची, सॉलिड उभारायचे आणि शेवटी तयार सॉलिड आणि मूळ जाळी यांच्यातील फरक रंगीत नकाशाने तपासायचा, अशी ही पद्धत आहे. साध्या ब्रॅकेटला एखादा तास पुरतो. गिअरबॉक्सच्या केसिंगला काही दिवस लागतात. ‘कन्व्हर्जन’ या एका शब्दाखाली दोन्हींचा एकच दर ठरवणारी खरेदी ऑर्डर हातात आली की हसावे की रडावे ते कळत नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना हा विषय आणखी खोलवर भेडसावतो, असे तेथील पॅटर्न (ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) करणाऱ्या मंडळींशी बोलताना जाणवते. जुना लाकडी पॅटर्न खराब झाला की तो स्कॅन करून व्हीएमसी या सीएनसी मशीनवर नवा करून घेण्याचा मार्ग सोयीचा आहे. पण बिडाचा ओतीव माल थंड होताना सुमारे एक टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न तितका मोठा केलेला असतो: ३०० मिमीच्या लांबीला सुमारे ३ मिमी. स्कॅन पॅटर्नचा असेल तर ही वाढ त्यात आधीच आहे. कास्टिंगचा असेल तर ती नव्याने द्यायला हवी. आणि मशीनिंग झालेल्या तयार भागाचा असेल तर आकसण्याच्या जोडीला मशीनिंगसाठी ठेवायचा जादा माल आणि पॅटर्न साच्यातून सुटण्यासाठी लागणारा उतार, हे सगळेच घालावे लागते. एसटीएलमध्ये यांतले काहीही लिहिलेले नसते. स्कॅन कोणत्या वस्तूचा आहे हे पाठवणाऱ्याने दोन ओळींत कळवले नाही, तर आकसणे दोनदा धरले जाण्याची किंवा अजिबात न धरले जाण्याची सारखीच शक्यता असते. कोअरमुळे (साच्यात ठेवलेल्या गाभ्यामुळे) कास्टिंगच्या आत तयार होणाऱ्या पोकळ्या तर स्कॅनरला दिसतही नाहीत. तेथे कास्टिंग कापून पाहणे किंवा सीटी स्कॅन करणे एवढेच उपाय उरतात.

याचा अर्थ प्रत्येक मेश सॉलिडमध्ये आणलीच पाहिजे असा नाही, उलट अनेकदा तो खटाटोप व्यर्थ असतो. मूर्तीचा किंवा लाकडी कोरीवकामाचा स्कॅन राउटरवर (कोरीवकामाच्या मशीनवर) कोरायचा असेल, तर त्यासाठीचे सॉफ्टवेअर त्रिकोणांवरच टूलपाथ, म्हणजे टूलचा मार्ग, काढते. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवरून जबड्याचे किंवा कवटीचे मॉडेल प्रिंट करायचे असेल, तेथेही त्रिकोण पुरतात, कारण मानवी हाडाला अक्ष आणि त्रिज्या नसतात. एकक आणि रंग फाइलमध्ये हवे असतील तर प्रिंटिंगसाठी २०१५ पासून थ्रीएमएफ हे स्वरूप उपलब्ध आहे आणि एसटीएलऐवजी ते का वापरले जात नाही याचे मला कोडेच आहे. सॉलिडची गरज पडते ती भाग मशीनवर कापायचा असतो, दुसऱ्या भागात बसवायचा असतो, किंवा त्याच्या डिझाइनमध्ये पुढे बदल करायचा असतो तेव्हा.

इंटरनेटवरील फुकट कन्व्हर्टरविषयीही लिहिले पाहिजे. ते वर सांगितलेल्या पहिल्याच मार्गाने त्रिकोणांची पृष्ठे करून देतात, ही एक गोष्ट. दुसरी अधिक गंभीर आहे. मोठ्या कंपन्यांचे भाग करणारी वर्कशॉप गोपनीयतेच्या करारावर सही करतात, आणि तेथीलच एखादा नवखा मुलगा ग्राहकाची फाइल अशा सर्व्हरवर चढवतो, ज्याचा मालक कोण हेही माहीत नसते. वर्कशॉपच्या मालकाला याचा पत्ताही नसतो.

दुसरीकडे, खरेदी विभागांनी ‘स्टेप फाइलच हवी’ असा आग्रह धरला म्हणून प्रश्न सुटत नाही. फाइलच्या नावाअखेर काय लिहिले आहे यावरून आत काय आहे ते कळत नाही. त्रिकोणांची सपाट पृष्ठे भरलेली फाइलही नियमाने वैध स्टेप फाइलच असते. आणि स्टेपच्या एपी-२४२ या नव्या आवृत्तीत तर त्रिकोणी जाळी जशीच्या तशी ठेवण्याचीही सोय आहे. त्याच एपी-२४२ मध्ये टॉलरन्स आणि पृष्ठांच्या सूचना मॉडेललाच जोडून पाठवता येतात, जी सोय आपल्याकडे फारशी वापरात नाही. चांगल्या स्टेप फाइललाही मर्यादा आहेत: मूळ मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी उभारले त्याचा इतिहास तिच्यात उतरत नाही, त्यामुळे एक माप बदलले की बाकीचे आपोआप बदलेल अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवता येत नाही.

या गोंधळाचे एक मूळ शिक्षणात आहे असे मला वाटते. अटल टिंकरिंग लॅबमुळे शाळाशाळांत थ्रीडी प्रिंटर पोहोचले आणि मुलांच्या हातांना काम मिळाले, याचा आनंदच आहे. पण तेथून पुढे डिप्लोमा आणि पदवीपर्यंत पुष्कळ विद्यार्थ्यांची गाडी तयार एसटीएल उतरवून प्रिंट काढण्यापुढे जात नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअरमधील आज्ञा तोंडपाठ असतात, मात्र मेश आणि सॉलिड यांतील फरक विचारला तर ‘एक हलकी फाइल, एक जड फाइल’ असे उत्तर मिळते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला एकाच ब्रॅकेटची एसटीएल आणि स्टेप अशा दोन्ही फाइल उघडून मुलांना बोअरचा व्यास मोजायला लावला, तर एका प्रॅक्टिकलमध्ये हा विषय संपेल.

कारखान्यांकडून अपेक्षा फार मोठी नाही. भाग त्यांच्याच डिझाइन विभागात जन्मला असेल, तर मूळ सॉफ्टवेअरमधून थेट स्टेप काढून द्यावी. तेथे ती खरोखरच काही सेकंदांत निघते, आणि तरीही कित्येकदा प्रिंटरसाठी काढलेली एसटीएलच पुढे ढकलली जाते, कारण मेलमध्ये तीच हाताशी असते. सोबत टॉलरन्स लिहिलेल्या ड्रॉइंगची पीडीएफ असावी. मूळ मॉडेल उपलब्धच नसेल आणि स्कॅनवरूनच काम व्हायचे असेल, तर पुनर्रेखन हे वेगळे काम समजून त्याची वेगळी ऑर्डर काढावी, मूळ जाळीपासून कमाल किती फरक चालेल तो आकडा तिच्यात लिहावा, आणि प्रत्यक्ष वस्तू किंवा तिची कॅलिपरने घेतलेली चार महत्त्वाची मापे सोबत पाठवावीत. आलेली फाइल खरोखर सॉलिड आहे की नाही हे पाहण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. कोणत्याही मोफत कॅड सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून बोअरच्या आत एकदा क्लिक करावे. पूर्ण बोअर एकच पृष्ठ म्हणून निवडला गेला आणि त्याची त्रिज्या दिसली, तर फाइल पुढे पाठवावी. एकच पट्टी उजळली, तर ती वर्कशॉपला न पाठवता ज्याच्याकडून आली त्याच्याकडे परत करावी. हे क्लिक ऑर्डर काढण्यापूर्वी खरेदी विभागाने करावे, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक डिझाइन व्यावसायिक,
भोसरी, पुणे